सात जणींचं रजिस्टर

विचारलंत म्हणून सांगते : वाचकांचे प्रश्न आणि जळगावच्या एका निवृत्त उपसंपादिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, मी चोपड्याची. एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवते, मानधनावर. माझी एक मैत्रीण जळगावात जाहिरातींचा मजकूर लिहिते, दुसरी रेडिओवर हंगामी निवेदिका आहे, तिसरी एका दवाखान्याचं फेसबुक सांभाळते. आम्ही चौघी मिळून काहीतरी सुरू करायचं म्हणतोय. एक ओळखीचे म्हणाले, "चौघींत पत्रकार एकच, संघटना कसली काढता, त्यापेक्षा भिशी लावा." अमेरिकेत अशा कामातल्या बायकांची फार जुनी संघटना आहे असं ऐकलं. तिचा इतिहास सांगाल का? आणि आमचं जमेल का?

उत्तर : पोरी, भिशीला नावं ठेवू नकोस. आपल्याकडची कुठलीही भिशी बघ. वही असते, तारीख ठरलेली असते, कुणी कधी पैसे बुडवले ते दहा वर्षांनीही सगळ्यांना पाठ असतं. मी पाहिलेल्या निम्म्या पत्रकार संघटनांकडे एवढंही नव्हतं. तुमच्या ओळखीच्यांनी टोमणा मारला, पण सल्ला चांगला दिला.

आता अमेरिकेचं. ८ एप्रिल १९०९ रोजी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सात विद्यार्थिनींनी ही संघटना काढली. वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला त्यांची राजधानी आठवते. हे ते नव्हे, हे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं, पॅसिफिकच्या काठावरचं राज्य. विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग निघाला १९०७ साली, म्हणजे तो जेमतेम दोन वर्षांचा. त्याच आवारात जूनपासून अलास्का-युकॉन-पॅसिफिक नावाचं जंगी प्रदर्शन भरणार होतं, त्याची बांधकामं चाललेली. मला तर डोळ्यांसमोर धूळच दिसते, आपल्या महामार्गाच्या चौपदरीकरणासारखी, आणि त्यातून वह्या सांभाळत निघालेल्या सात मुली. त्यांच्यातल्या एकीलाही तेव्हा मताचा हक्क नव्हता. त्यांच्या राज्यात तो १९१० साली मिळाला, साऱ्या देशात १९२० साली.

नाव ठेवलं थीटा सिग्मा फाय. तिकडच्या कॉलेजांत मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं द्यायची रीत आहे. आपल्याकडे गणेश मंडळांपुढे 'श्री' लागतो, तसंच समज. मजेची गोष्ट पुढे आहे. बरोबर नऊ दिवसांनी, १७ एप्रिलला, इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात पत्रकारितेच्या मुलांनी त्यांची संघटना काढली, सिग्मा डेल्टा काय. आज तिला सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स म्हणतात. तिथं बायकांना प्रवेश मिळाला १९६९ साली. साठ वर्षं लागली! पुढे कुणी "पुरुषांची संघटना असताना तुमची वेगळी कशाला" असं विचारलं, तर मुलींची नऊ दिवसांनी थोरली आहे हे सांगत जा.

मुलींच्या संघटनेच्या मग एकेका विद्यापीठात शाखा निघाल्या. शिकून बाहेर पडलेल्यांच्या शहराशहरांत निघाल्या. त्यांनी मासिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं मॅट्रिक्स. सिनेमाशी याचा काही संबंध नाही. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. त्यांच्या छपाईत अक्षर ज्या साच्यात ओततात तो मॅट्रिक्स. आपल्या मुद्रणाच्या पुस्तकांत त्याला 'मातृका' म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे हातजुळणी शेवटच्या घटका मोजत होती. आमचे फोरमन केसमधला एकेक खिळा न बघता उचलायचे. त्यांनीच मला पहिल्यांदा हा शब्द सांगितला होता. शिसं कितीही वेळा वितळवा, मातृका तीच राहते, म्हणाले. पुष्कळ वर्षांनी या मासिकाचं नाव वाचलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवले. न्यूयॉर्कच्या शाखेनं १९७१ साली याच नावाचे पुरस्कार द्यायला सुरुवात केली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र १९७२ सालात आहे. त्या वर्षी त्यांनी ग्रीक अक्षरं सोडली आणि 'विमेन इन कम्युनिकेशन्स' हे नाव घेतलं. 'विमेन इन जर्नलिझम' घेतलं नाही, हे नीट बघ. पुरुषांनाही त्याच वर्षी सभासद करून घेतलं. पुढे १९९६ साली नाव झालं 'असोसिएशन फॉर विमेन इन कम्युनिकेशन्स'. आता यात मला काय दिसतं ते सांगते. पत्रकारिता शिकलेल्या सगळ्या बायका वर्तमानपत्रात टिकत नाहीत. कुणी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, कुणाला रात्रपाळी देत नाहीत, कुणाला बातम्यांऐवजी पाककृती देतात. मग ती जाहिरातीत जाते, रेडिओवर जाते, कारखान्याच्या जनसंपर्कात जाते. संघटना फक्त पत्रकारांची ठेवली, तर जिला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे तीच दाराबाहेर राहणार. तुमच्या चौघींत पत्रकार एकच आहे म्हणतेस ना? म्हणजे तुम्ही १९७२ पासूनच सुरुवात करताय. आधीची त्रेसष्ट वर्षं वाचली तुमची.

आपल्या विद्यापीठात या सगळ्याला 'जनसंज्ञापन' म्हणतात. पाटीवर तो शब्द शोभतो. पण जळगावच्या रिक्षावाल्याला सांगून बघ, तो तुला कुठं नेऊन सोडेल सांगता येत नाही. संघटनेचं नाव साधं ठेवा.

आता माझं ऐक, कारण ही चूक आम्ही केलेली आहे. १९८५-८६ च्या सुमारास जळगावात आम्हीही जमायचो. दोन दैनिकांतल्या तिघी, रेडिओवर हंगामी काम करणारी एक, माहिती खात्यात टायपिंग करता करता प्रसिद्धिपत्रकं लिहायला लागलेली एक. महिन्याचा पहिला शनिवार. थंडीत कुणाच्या तरी गच्चीवर काड्यांवर वांगी भाजून भरीत, कळण्याची भाकरी, आणि मग बोलणं. फार कामाचं बोलणं असायचं ते. कुठल्या कचेरीत बाईमाणसाला माहिती नीट देतात, कुठल्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर एकटीनं जायचं नाही, रात्रीची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, सुटल्यावर घरी कशी जातेस. (मी पार्सलच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून जायची. ड्रायव्हर आधी मला सोडायचा, मग भुसावळकडची बंडलं टाकायला जायचा. त्या जीपला कागदाचा आणि ओल्या शाईचा वास यायचा.) एकीला पगाराच्या वेळी सांगितलं गेलं होतं की नवरा कमावतो ना. आम्ही सगळ्यांनी आपापले आकडे एका कागदावर लिहिले तेव्हा कळलं, त्याच कामाला शेजारच्या टेबलावरच्या मुलाला दीडशे रुपये जास्त होते. ते तिनं जाऊन सांगितलं आणि वाढवून घेतले. आमची एकूण कमाई म्हणजे ते दीडशे रुपये.

दोन वर्षांत सगळं विरलं. एकीची बदली नाशिकला झाली, एकीचं बाळंतपण, एकीनं नोकरी सोडली. वही नव्हती, वर्गणी नव्हती. नंतर ज्या मुली लागल्या त्यांना आमच्याआधी इथं कुणी होतं हेच माहीत नव्हतं. १९९४-९५ ला एका नव्या मुलीनं मला विचारलं, "ताई, जळगावात तुम्ही पहिल्याच का?" मी 'नाही' म्हटलं. पण दाखवायला माझ्याकडे एक चिटोराही नव्हता.

पहिल्यांवरून आठवलं. ज्या वर्षी सिअ‍ॅटलला सात मुली जमल्या, त्या वर्षी आपल्याकडे तानूबाई बिर्जे 'दीनबंधू'च्या संपादक होत्या. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेलं हे सत्यशोधकांचं पत्र. पती गेल्यावर तानूबाईंनी ते हातात घेतलं आणि १९०८ ते १९१२ चालवलं. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली बाई. पण एकटी. १९१३ साली त्या गेल्या. त्यांची गादी चालवायला संघटना नव्हती, म्हणून माझ्या पिढीनं त्यांचं नाव नोकरी लागल्यावर पंधरा-वीस वर्षांनी ऐकलं. मला तर पत्रकारितेच्या पदविकेतसुद्धा कुणी सांगितलं नाही.

म्हणून नोंदणी करा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे, त्याला किमान सात माणसं लागतात. सिअ‍ॅटलच्याही सातच होत्या, आणि आपल्या नदीकाठी डोहाशी शेंदूर लावून मांडलेल्या साती आसराही सातच. आकडा शुभ आहे म्हणायचं! तुम्ही चौघी आहात, आणखी तिघी शोधा. उद्देश आणि नियमावली लिहा. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच जातो, कारण महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेव. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. संस्था भांडणानं मरत नाहीत, बदल अर्ज न दिल्यानं मरतात. पाच वर्षांनी बँकेत सही जुन्या खजिनदाराची आणि ती बाई पुण्याला, मग बसा.

आणि पहिल्या बैठकीला पगाराचा तो कागद करा. नावं नकोत, नुसतं काम आणि आकडा. पुरवणीच्या जाहिराती आणायला लावतात त्याचं कमिशन धरून.

प्रश्न : मी भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी. आपल्या सदरात स्त्री-पुरुष असा भेद वारंवार येतो. बातमी ही बातमी असते. एक पत्रकार संघ असताना बायकांनी वेगळी चूल मांडून काय साधतं?

उत्तर : काका, तुम्ही रेल्वेतले, म्हणून गॅलरीची गोष्ट सांगते. वॉशिंग्टनमध्ये (आता राजधानीच्या) नॅशनल प्रेस क्लब आहे. देशोदेशींचे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष तिथं जेवणाच्या वेळी भाषण करतात, बातमी तिथं होते. बायकांना सभासदत्व नव्हतं. बातमी तर आणायची, मग १९५५ साली तोडगा निघाला : बायकांनी वर सज्जात उभं राहून ऐकावं. खाली पुरुष पत्रकार जेवणार, प्रश्न विचारणार. वर बायका नुसत्या ऐकणार. जेवण नाही, प्रश्न नाही. तिकीट जनरलचं आणि डब्यात चढायला मनाई, असं. सोळा वर्षं हे चाललं. १९७१ साली त्यांना सभासद करून घेतलं. त्या राजधानीतल्या बायकांनी १९१९ सालीच आपला वेगळा प्रेस क्लब काढला होता, आणि सज्जातून खाली यायचा दबाव मुख्यतः तिथून आला. वेगळी चूल मांडली म्हणून मोठ्या पंगतीत पान मिळालं. पुढे १९८५ साली दोन्ही क्लब एक झाले. तेव्हा चूल कायमची वेगळी राहते असंही नाही.

उलट बाजूची गोष्टही ऐका. एलेनॉर रूझवेल्ट, राष्ट्राध्यक्षांची पत्नी, ६ मार्च १९३३ पासून व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद घ्यायला लागल्या. अट एकच : फक्त महिला पत्रकारांनी यायचं. मंदीचे दिवस, सगळीकडे नोकऱ्या जात होत्या, पहिली गदा बायकांवर. पण आता राष्ट्राध्यक्षांच्या घरची बातमी हवी असेल तर बाई ठेवणं भाग पडलं. युनायटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेनं त्यासाठी बाई नेमली. बारा वर्षांत अशा ३४८ परिषदा झाल्या. हा भेदच होता, आणि मला तो आवडतो. तुम्हाला आवडणार नाही, हेही कळतं.

आपल्या जिल्ह्यातलं विचाराल, तर माझ्या काळी एका पत्रकार संघटनेच्या खोलीत कॅरम होता, मोठा आरसा होता, पाण्याचा माठ होता. बाईला जायला स्वच्छतागृह नव्हतं. दोन तासांची पत्रकार परिषद असेल तर मी सकाळपासून पाणी पीत नसे. जळगावचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस. हे मी कधी सभेत बोलले नाही. सभेत आठ पुरुष आणि मी. आमच्या शनिवारच्या गच्चीवर मात्र पहिल्याच दिवशी बोलले, आणि पाचही जणींनी हात वर केले.

दिल्लीत १९९४ साली इंडियन विमेन्स प्रेस कोअर निघालं, विंडसर प्लेसवरच्या बंगल्यात. २००२ पासून नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया आहे, देशभर विखुरलेल्या बायकांचं, मोठ्या कचेरीचं ओझं न घेता चालणारं. यांनी पत्रकारितेचे दोन तुकडे केले असं मला तरी दिसलं नाही.

प्रश्न : नंदुरबारहून. नाव छापू नका. एका छोट्या साप्ताहिकात मी आणि आणखी तिघं. संपादक रात्री उशिरा मेसेज करतात, कामाचे नसतात. आमच्याकडे समिती वगैरे काही नाही. मला मानधनही नियमित नाही, मग माझी तक्रार घेतील का?

उत्तर : घेतील. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यात मानधन मिळतं की नाही याला महत्त्व नाही, पगारी, हंगामी, विनामोबदला, सगळ्या आल्या. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचार. तालुक्याला नोडल अधिकारी असतो, त्याच्याकडे लेखी तक्रार दिलीस तर त्यानं सात दिवसांत ती पुढे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांत दे. उशीर झाला तर कारण लिहून आणखी तीन महिने मागता येतात. मेसेज पुसू नकोस. स्क्रीनशॉट तारखेसकट दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेव. अर्ज लिहिताना अडलीस तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिही, मी बघून देते. आयुष्यभर लोकांचे मजकूरच तपासलेत.

प्रश्न : मी धुळ्याकडची. अहिराणीत व्हिडिओ करते, शेतीच्या बाजारभावापासून कानबाईच्या रोटांपर्यंत. माझ्या नवऱ्याच्या नावानं चॅनल आहे. एका कार्यक्रमात पत्रकारांच्या रांगेत बसले तर एक जण म्हणाला, "तुनं काय काम शे आठे?" मी माध्यमात मोडते का?

उत्तर : मोडतेस. चोपड्याच्या पोरींना सातमधल्या तिघी हव्या आहेत, तू एक. त्यांचा प्रश्न वर आहेच, त्यांना निरोप देते. आपल्या शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तेव्हा तिलाही लोक 'नुसती वाचते' म्हणतच असतील.

पण चॅनलचं नाव बदल. होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तोवर त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. तू एवढं थांबू नकोस. आणि त्या रांगेतल्याला पुढच्या वेळी अहिराणीतच उत्तर दे, कॅमेरा चालू ठेवून.

प्रश्न : ताई, तुमच्या शनिवारच्या बायकांचा उल्लेख पूर्वीही एकदा आला होता. त्या मंडळाचं नाव काय होतं? फोटो असेल तर छापा ना. (अमळनेर)

उत्तर : नाव ठेवलंच नव्हतं. कचेरीतले पुरुष 'भरीत मंडळ' म्हणायचे. फोटोही नाही. आमच्यात छायाचित्रकार नव्हती, आणि कचेरीच्या फोटोग्राफरला गच्चीवर बोलवायची कुणाला हिंमत झाली नाही.

आखाजीच्या आधी माळा आवरला तेव्हा १९८६ ची डायरी सापडली. डिसेंबरच्या एका पानावर पाच नावं आणि समोर दूरध्वनीचे आकडे आहेत, त्यातले दोन शेजाऱ्यांचे, कंसात 'निरोप द्यावा' असं लिहून. खाली माझ्याच अक्षरात : वांगी ३ किलो, शेंगदाणे, मिरच्या मी आणते. पान मासिकाकडे पाठवलं आहे. नावं झाकून छापायला सांगितलंय, कारण पाचांपैकी दोघी कुठं आहेत ते मला माहीत नाही. त्यांनी हे वाचलं तर मिरच्या अजून माझ्याकडेच आहेत.